तेवीस लिटर द्राक्षरस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने प्रत्येक तुकडीतल्या एकाला बोलायला सांगितलं तेव्हा अट एकच घातली होती. नोकरीवर बोलायचं नाही, हौसेवर बोलायचं. मी विषय कळवला, ‘घरी वाइन करण्याची किट्स : तुलना आणि सुधारणा’. त्यावर दोन दिवस उत्तरच आलं नाही. मग फोन आला, "अगं, बाई येणार आहेत." म्हटलं, बाई येणार आहेत म्हणून तर हा विषय! सॉफ्टवेअरच्या नोकरीत इतक्या वर्षांत मला कधी फिनॉल्फ्थॅलिन लागलं नाही, घट्टता लागली नाही, द्रवाची पातळी डोळ्यासमोर धरून वाचायची वेळ आली नाही. ते सगळं या एका छंदात लागलं.

आधी कायद्याचं बोलते, म्हणजे मागच्या रांगेतली कुजबुज थांबेल. मी हे सगळं कॅनडात, ऑन्टॅरिओत करते. तिथे स्वतःच्या घरी, स्वतःच्या वापरासाठी वाइन करायला मुभा आहे. विकायला नाही. आपल्याकडे १९४९ सालचा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वयंपाकघरात पाच लिटर का असेना. यीस्टची पुडी आणि काचेचा बुधला ऑनलाइन मिळतो, म्हणून वाइन करायची मोकळीक मिळत नाही. तेव्हा आजचं बोलणं आपल्यातल्या जे बाहेर राहतात त्यांच्या हातांसाठी, आणि जे इथे राहतात त्यांच्या फक्त कानांसाठी.

आणि भांडुपकरांनी या विषयाला नाक मुरडायचं काही कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भांडुपची इस्टेट ल्यूक ॲशबर्नर नावाच्या साहेबाकडे होती आणि इथून सरकारला रम पुरवली जायची. मुंबई-ठाणे रेल्वेची कल्पना जॉर्ज क्लार्कला १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली हे आपल्याला माहीत असतं, रमचं कुणी सांगत नाही.

तर किट म्हणजे काय? एक पुठ्ठ्याचं खोकं. आत जाड पिशवीत द्राक्षरस, कधी थोडा आटवलेला, कधी खूप आटवलेला. बरोबर चार-पाच पुड्या, यीस्ट आणि एक सूचनापत्रक. रस मोठ्या बादलीत ओतायचा, पाणी घालून तेवीस लिटर करायचे, यीस्ट भुरभुरायचं. दहा-बारा दिवसांनी वरचा रस नळीने काचेच्या मोठ्या बुधल्यात, म्हणजे कार्बॉयमध्ये घ्यायचा. साखर पूर्ण संपली की उरलेल्या पुड्या घालून ढवळायचं, निवळू द्यायचं आणि बाटल्या भरायच्या. तेवीस लिटरच्या तीस बाटल्या. चार आठवडे, सहा आठवडे, आठ आठवडे असं खोक्यावर छापलेलं असतं. वाइनएक्सपर्ट, आरजेएस ही तिथली ओळखीची नावं. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्यासाठी परवानाधारक दुकानं असतात. तिथे जाऊन यीस्ट आपल्या हाताने घालायचं, बाटल्याही आपणच भरायच्या. मधला सांभाळ ते करतात.

किमतीत फरक मोठा. मी घेतलेली खोकी नव्वद डॉलरपासून दोनशेपर्यंतची आहेत. हा फरक कशाचा, तर मुख्यतः पाण्याचा. स्वस्त खोक्यात आठ-दहा लिटर रस असतो आणि बाकीचं पाणी आपण घालतो. महाग खोक्यात चौदा, सोळा लिटर असतो. म्हणजे तो कमी आटवलेला असतो, कमी तापलेला असतो. लाल वाइनच्या महाग खोक्यात द्राक्षाच्या सालींची वेगळी पिशवीही येते. लाल वाइनचा रंग आणि तो जिभेला बसणारा तुरटपणा सालीतूनच येतो, म्हणून त्या पिशवीला मोल आहे. स्वस्त लाल किटमध्ये बहुतेक वेळा एक शिजलेली गोडसर चव जाणवते. तिकडचे हौशी लोक तिला ‘किटची चव’ म्हणतात. मला ती गुळांब्याच्या कडेची वाटते.

प्रश्न असा होता की शंभर डॉलर जास्त टाकले तर वाइन शंभर डॉलरने चांगली होते का? यावर आमच्या ओळखीच्या मराठी घरांत भरपूर वाद व्हायचे आणि ज्याने महाग खोकं घेतलेलं असायचं त्याला ते चांगलंच लागायचं. हे थांबवायला मी त्रिकोणी चाचणी घेतली. ही चाचणी खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत सर्रास वापरतात. प्रत्येकाला तीन पेले द्यायचे, दोन एकाच वाइनचे, एक दुसरीचा. वेगळा कुठला ते ओळखा, एवढंच विचारायचं. आवडली का हे नंतर. बारा माणसं बसली तर नुसत्या ठोकताळ्याने चार जण बरोबर येणारच. आठ किंवा जास्त जण बरोबर आले, तर मात्र तो योगायोग असण्याची शक्यता शंभरात दोनही उरत नाही. कुठल्या पेल्यात काय आहे हे वाढणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही.

पहिल्या वर्षी एकाच द्राक्षाची, मर्लोची, दोन खोकी केली. एक दहा लिटरचं स्वस्त, एक सोळा लिटरचं सालींचं. दोन्ही सूचनापत्रकाप्रमाणे. बारांपैकी नऊ जणांनी वेगळा पेला ओळखला आणि बहुतेकांना महाग किट आवडलं. इथपर्यंत दुकानदार खूश.

दुसऱ्या वर्षी दोन्ही खोकी स्वस्तच घेतली, एकाच दिवशी भरलेली. एक पत्रकाप्रमाणे अठ्ठाविसाव्या दिवशी बाटलीत घातलं. दुसऱ्यात पाणी, तापमान, गॅस आणि वेळ या चार गोष्टी मी बदलल्या. त्या कशा, ते सांगतेच. दोन्ही एकाच दिवशी उघडली. दहा जणांनी फरक ओळखला आणि त्यातल्या आठ जणांना काळजीने केलेली आवडली. मग त्याच संध्याकाळी शेवटची फेरी घेतली. काळजीने केलेलं स्वस्त किट आणि पहिल्या वर्षीचं पत्रकाप्रमाणे केलेलं महाग किट समोरासमोर. पाच जण बरोबर आले. पाच म्हणजे ठोकताळ्यापेक्षा एक जास्त. शंभर डॉलरचा फरक पेल्यात सापडेना. महाग किटला एका वर्षाचं जास्तीचं वय मिळालं होतं, तरीही.

हे काही संशोधन नव्हे. माणसं तीच बारा, द्राक्ष एकच, आणि दोघांना सर्दी होती. पण तेव्हापासून खोक्यावर खर्च करण्याआधी मी इतर गोष्टींकडे बघते.

पहिलं पाणी. आपण भांडुपची माणसं, पाण्यावर बोलायचा आपला हक्क आहे. अर्ध्याअधिक मुंबईचं पाणी आपल्या डोंगराच्या पायथ्याशी, भांडुप संकुलात शुद्ध होऊन जातं. शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा क्लोरीनचा वास आला होता, आठवतंय? पिण्याच्या पाण्याला क्लोरीन हवंच. वाइनला ते चालत नाही, कारण क्लोरीनचं द्राक्षरसातल्या द्रव्यांशी जमलं की औषधासारखी, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ शकते. साधं क्लोरीन पाणी रात्रभर उघडं ठेवलं की उडून जातं. पण उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरामाइन वापरतात आणि ते असं ठेवून जात नाही, उकळूनही सहज जात नाही. त्यावर उपाय चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा. तेवीस लिटरला अगदी चिमूट, दोन-तीन मिनिटं ढवळायचं. ही पूड वाइनवाल्याकडे असतेच. पैशांत मोजण्याइतकाही खर्च नाही आणि पत्रकात याचा उल्लेखही नसतो.

दुसरं तापमान. इडलीचं पीठ मे महिन्यात चार तासांत फुगतं आणि डिसेंबरात सकाळपर्यंत बसून राहतं, तेच इथे. यीस्ट जिवंत आहे. किटचं पत्रक वीस ते पंचवीस अंश म्हणतं. ऑन्टॅरिओत लोक बादली बेसमेंटमध्ये ठेवतात. हिवाळ्यात तिथली जमीन सोळा अंशांवर असते. सिमेंटवर ठेवलेली बादली खोलीपेक्षाही गार. यीस्ट सुस्तावतं, तळाशी बसतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन गोडसर, अर्धवट. उलट तीस अंशांच्या वर गेलं तर यीस्ट घाईघाईने काम उरकतं आणि फळाचा वास उडून जातो, मागे तिखट, स्पिरिटसारखा झोत उरतो. शिवाय आंबताना रस स्वतःच तापतो, त्यामुळे खोलीचं तापमान आणि बादलीचं तापमान एक नसतं. बादलीला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, चार डॉलरला. बादली लाकडी फळीवर आणि माजघरात. मी बावीसवर स्थिर ठेवते.

तिसरं, मोजणं. पत्रक म्हणतं, ‘चौदाव्या दिवशी नळीने काढा.’ यीस्टला कॅलेंडर कळत नाही. काचेचं हायड्रोमीटर घ्या. आपल्या प्रयोगशाळेत दुधाचा लॅक्टोमीटर होता, त्याचंच हे भावंडं. रस सुरुवातीला पाण्याहून जड असतो, साधारण १.०९०, कारण त्यात साखर विरघळलेली असते. साखरेचं अल्कोहोल झालं की तो पाण्याहूनही हलका होतो, ०.९९४च्या आसपास. या दोन आकड्यांची वजाबाकी करा आणि १३१ने गुणा, अल्कोहोलची टक्केवारी मिळते. इथे साडेबारा. पण आंबणाऱ्या रसात बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटतात आणि त्याला वर उचलतात. म्हणून आधी दांडी गिरकी देऊन सोडायची, मग डोळा पातळीला आणून वाचायचं. (इथे सरांनी मान हलवली, ते मी पाहिलं.) सलग तीन दिवस आकडा तोच आला, तरच आंबणं संपलं. साखर उरलेली असताना बाटल्या बंद केल्या तर आत पुन्हा आंबणं सुरू होतं, दाब वाढतो आणि काचेची बाटली फुटते. हा भाग गमतीचा नाही.

स्वस्त लाल किटसाठी इथेच एक युक्ती. पाणी तेवीस लिटरच्या खुणेपर्यंत न घालता एकवीसवर थांबायचं. १.०९०चं १.०९८-९९ होतं, चव भरीव लागते, किटची पातळ छटा कमी होते. तीन बाटल्या कमी मिळतात. त्याच प्रमाणात आंबटपणाही वाढतो, म्हणून पांढऱ्या वाइनला मी हे करत नाही.

चौथं म्हणजे गॅस, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त फरक याने पडला. आंबताना अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बराचसा उडून जातो, पण काही वाइनमध्येच विरघळून राहतो. द्राक्षमळेवाले वाइन महिनोन्‌महिने पिंपात ठेवतात, मग तो आपोआप जातो. किट चार आठवड्यांत आटपायचं तर तो ढवळून काढावा लागतो. पत्रकात लिहिलेलं असतं, ‘दोन मिनिटं जोरात ढवळा.’ दोन मिनिटांत काही होत नाही. गॅस राहिला तर दोन तोटे होतात. वाइन जिभेला सोड्यासारखी टोचते आणि आंबट लागते. शिवाय ती निवळतच नाही, कारण गाळाचे कण बसायला लागले की बुडबुडे त्यांना पुन्हा वर आणतात. मग लोक म्हणतात किट खराब होतं.

ड्रिल मशीनला लावायची ढवळणी मिळते, ती घ्या. आधी दहा सेकंद हळू चालवा, नाहीतर फेस उसळून छतापर्यंत जातो. मग दिशा बदलत बदलत पाच-सहा मिनिटं, तासाभराने पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाइन गार असेल तर गॅस सुटत नाही. थंड सोडा आणि कोमट सोडा उघडून पाहा, कळेल. गॅस संपला हे कसं ओळखायचं? लहान बाटली अर्धी भरा, तोंडावर तळवा दाबून जोरात हलवा आणि तळवा काढा. ‘फस्स’ झालं तर अजून आहे. हळूच हवा सुटली तर संपला. मात्र गॅस गेल्यानंतर उगाच ढवळत बसू नका, मग हवा आत शिरते आणि वाइन म्हातारी होते.

यानंतर निवळण्याच्या पुड्या, आणि आपल्यातल्या शाकाहाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. सुरुवातीला जी करडी पूड घालतात ती बेंटोनाइट, एक प्रकारची माती. आपल्या कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. तिच्या कणांवर ऋण भार, द्राक्षातल्या प्रथिनांवर धन भार, दोघं एकमेकांना धरून तळाशी बसतात. शेवटी दोन द्रव पुड्या येतात. एक कीसेलसोल, ती वाळूची बहीण, सिलिका. दुसरी कायटोसान, आणि ती कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात. काही किटमध्ये तिच्याऐवजी आयसिंग्लास असतं, ते माशाच्या फुग्यापासून. द्राक्षाची वाइन म्हणजे शाकाहारीच, असं धरून चालणाऱ्या एका मैत्रिणीने ती पुडी उलटी करून वाचली आणि पेला खाली ठेवला. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी त्या शेवटच्या दोन पुड्या घालतच नाही. बेंटोनाइट आणि तीन महिने गार जागा, एवढ्यावर वाइन काचेसारखी निवळते. गॅस मात्र पूर्ण गेलेला हवा.

सल्फाइटची पुडी पूर्ण घाला, ती हवेपासून आणि जंतूंपासून राखते. ज्याला दमा आहे किंवा सल्फाइट सोसत नाही, त्याला बाटली देण्याआधी सांगा. वर्षभर ठेवायची असेल तर पाव चमचा आणखी. सॉर्बेटची पुडी यीस्टची पुढची वाढ रोखते. शेवटी गोड रस घालायचा असेल तर ती अत्यावश्यक, पूर्ण कोरड्या वाइनला तिची गरज नसते.

आणि वेळ. निवळल्यावर वाइन स्वच्छ कार्बॉयमध्ये घ्यायची, वर रिकामी जागा ठेवायची नाही, तशाच जातीच्या वाइनने बुडाच्या बुचापर्यंत भरून टाकायचं, आणि दोन-तीन महिने विसरून जायचं. लोणच्याच्या बरणीत वर तेल का ठेवतो? हवा लागू नये म्हणून. इथे तेल नाही, म्हणून बुधला भरलेला हवा. भांड्यांची स्वच्छताही लोणच्याचीच: आधी घासून धुवायचं, मग जंतुनाशक पाण्याने खंगाळायचं. चिकट भांड्यावर औषध ओतून उपयोग नाही. फळमाशी एक जरी आत गेली तरी व्हिनेगर व्हायची वाट मोकळी होते.

पुढच्या दोन वर्षांत मी या चार गोष्टी एकेक करून सोडून पाहिल्या. आमच्या धंद्यात हाच रिवाज, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गॅस आणि वेळ यांनी सगळ्यात जास्त फरक पाडला, मग तापमानाने. पाण्याचा फरक माझ्या गावात थोडा, पण तो गावागणिक बदलेल.

महाग किट कधी घ्यावं? लाल वाइन हवी असेल, दीड-दोन वर्षं ठेवायची तयारी असेल, आणि आधी दोन-तीन स्वस्त खोकी हाताखालून गेली असतील तर. सालींचं किट सहा महिन्यांत उघडलं तर कडक लागतं, वर्षानंतर उलगडतं. पांढऱ्या वाइनला सालीचा प्रश्नच नाही, तिथे मी जास्तीचे पैसे घालणार नाही. आणि कुठलंही खोकं घेताना तारीख बघा. वर्ष-दीड वर्ष दुकानात पडलेला आटवलेला रस तपकिरी पडतो, मग कितीही ढवळा.

आता एक प्रश्न, जो मला चहाच्या वेळी तिघांनी विचारला. घरी केलेल्या दारूने माणसं मरतात ना? आपल्या बाजूला विक्रोळीत २००४ साली काय झालं ते आपण पाहिलंय, २०१५ साली मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. ती माणसं मिथेनॉलने गेली. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून, दारूत मिसळून विकलं गेलं. द्राक्षरस आंबवताना फळातल्या पेक्टिनपासून मिथेनॉलचा अगदी अल्प अंश तयार होतो, बाजारातल्या प्रत्येक वाइनमध्ये तो असतो, आणि त्याने विषबाधा होत नाही. यात भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. कुणी ‘घरी गाळलेली’ म्हणून बाटली पुढे केली तर मात्र ती हातात घेऊ नका.

मला काळजी मिथेनॉलची नाही, स्वस्ताईची आहे. नव्वद डॉलरला तीस बाटल्या, म्हणजे बाटली तीन डॉलरला. दुकानात तशी बारा-पंधराला. कॅनडाच्या व्यसनविषयक राष्ट्रीय केंद्राने २०२३ साली नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. आठवड्याला एक-दोन प्रमाण-पेले इथपर्यंत धोका कमी, पुढे तो वाढत जातो. प्रमाण-पेला म्हणजे वाइनचे १४२ मिलिलिटर. एका बाटलीत असे पाचाहून जास्त, एका किटमध्ये दीडशेहून जास्त. आठवड्याला दोन या हिशेबाने एका माणसाला एक खोकं दीड वर्ष पुरायला हवं. आमच्या ओळखीच्या एका घरात खोकं दीड महिना पुरायला लागलं. छंद आहे, स्वतः केलंय, संपवायला हवं, असं म्हणत. त्या घरातल्या बाईने एक दिवस कार्बॉय गाडीत घालून माझ्या दारात आणून ठेवला. काही बोलली नाही. तो कार्बॉय मी वापरते, आणि प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख लिहिते, उघडल्याची तारीखही. वर्षाला एकच खोकं, आणि त्यातलं अर्धं वाटून टाकते. एल.बी.एस. मार्गावरच्या कारखान्यांत पगार होण्याच्या दिवशी आपल्या गल्ल्यांत संध्याकाळी दारात कोण कोण उभं राहायचं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पेला उंच दांडीचा असला म्हणून आतलं रसायन बदलत नाही.

इथे राहणाऱ्यांनी किटच्या मागे लागू नये, पण द्राक्ष बघायला नाशिकला जरूर जावं. २००१ सालच्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क झालं, सुला तर त्याआधीच, १९९९पासून आहे. जानेवारी ते मार्च तोडणी चालते. आपण खातो त्या थॉम्पसन सीडलेसची वाइन फिकी का होते आणि वाइनच्या द्राक्षाला एवढ्या बिया आणि जाड साल का असते, हे मळ्यात उभं राहून एक मणी चावला की समजतं. आणि त्रिकोणी चाचणीला वाइन लागत नाही. दोन कंपन्यांचा चहा घ्या, तीन कप करा, आणि घरात जो ‘मला आपलाच चहा ओळखू येतो’ म्हणतो त्याला बसवा.

भाषणानंतर सरांनी विचारलं, "सगळं ठीक, पण मुलगा माझा मेलबर्नला आहे, त्याने पहिलं खोकं कुठलं घ्यावं?" सर, पांढरी वाइन, दहा-बारा लिटर रसाचं, मधल्या किमतीचं, अलीकडच्या तारखेचं. बरोबर हायड्रोमीटर आणि तापमानाची पट्टी. वाचलेल्या पैशांतून ड्रिलची ढवळणी. सुरुवात तिकडच्या शरद ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये करावी, घर फार तापलेलं नसतं तेव्हा. आणि गणपतीपर्यंत उघडू नये.